पद्म पुरस्कारासाठी नाव कसं सुचवायचं? पाड्यावर, बोलीत काम करणाऱ्या माणसांसाठी

"हाऊ कागद काय म्हनस?" तहसील कचेरीच्या पायरीवर एखादी म्हातारी असं विचारते, आणि तिच्याशेजारी बसून निराधार योजनेचा अर्ज अहिराणीत समजावून देणारं कुणीतरी असतं. नंदुरबार जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे पावरी बोलीत बाळंतिणीची काळजी सांगणारी बाई असते, भिलीत वनहक्काचा दावा उलगडणारा कार्यकर्ता असतो. यांचं सगळं काम तोंडी, त्यामुळे नोंद कुठेच नाही. म्हणूनच त्यांचं नाव आपण पुढे करायला हवं.

पद्म पुरस्कारासाठी आमदार-खासदारांची शिफारस लागते, हा समज अजूनही घट्ट आहे. तशी अट नाही. कोणीही नागरिक नाव सुचवू शकतो, स्वतःचंसुद्धा. शुल्क नाही, त्यामुळे कुणी पैसे मागितले तर देऊ नका. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दुर्बल घटक आणि दिव्यांग यांच्यातली गुणी माणसं शोधून सुचवा, असं केंद्रीय गृह मंत्रालय आपल्या आवाहनातच सांगतं.

पात्रतेत जात, व्यवसाय, हुद्दा, स्त्री-पुरुष असा भेद नाही. मात्र सरकारी आणि सार्वजनिक उपक्रमांतले कर्मचारी नोकरीत असेपर्यंत अपात्र ठरतात. डॉक्टर आणि शास्त्रज्ञ तेवढे याला अपवाद. मरणोत्तर पुरस्कार सहसा देत नाहीत, तेव्हा माणूस हयात असतानाच हात हलवा.

अर्ज फक्त ऑनलाइन, राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर (अवॉर्ड्‌स डॉट गव्ह डॉट इन) भरायचा. आधी सुचवणाऱ्याने स्वतःची नोंदणी करायची, मग पद्म पुरस्कार निवडून उमेदवाराची माहिती भरायची. 2026च्या पुरस्कारांसाठी ही खिडकी 15 मार्च 2025 रोजी उघडली होती. शेवटची तारीख दरवर्षी पोर्टलवरच बघा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या तारखेवर विसंबू नका.

बरेच जण क्षेत्र निवडताना अडखळतात. बोलीत समजावून सांगणं म्हणजे संवादाचं काम, पण 'संवाद' नावाचं क्षेत्र यादीत नाही. वस्तीत योजना, आरोग्य, हक्क समजावणाऱ्याचं नाव समाजकार्यात घाला. पत्रकारिता, शिकवणं, साक्षरता हे साहित्य व शिक्षणात येतं. वहीगायनातून (खानदेशी लोकगायनातून) किंवा नाटकातून जागृती करणाऱ्यासाठी कला. मानवी हक्कांचं काम 'इतर'मध्येही बसतं. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याचे चैत्राम पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली ती समाजकार्यात. त्यांनी गावाला सोबत घेऊन जंगल राखलं. माणूस जंगलाचं काम करतो की गाण्याचं, यापेक्षा त्याच्या कामामुळे कुणाच्या आयुष्यात काय बदललं ते पाहा आणि मग क्षेत्र ठरवा.

खरा कस लागतो तो 800 शब्दांच्या कार्यवर्णनात. मर्यादा तेवढीच आहे. 'थोर', 'तळमळीचे', 'दीनदुबळ्यांचे कैवारी' असल्या विशेषणांत शंभर शब्द सहज वाया जातात. त्याऐवजी लिहा: किती वर्षं, कोणते पाडे, कोणती बोली, आधी काय होत नव्हतं आणि आता काय होतं. किती दावे भरले, किती मुली शाळेत परतल्या, हे आकडे त्या माणसाला विचारून आणि गावात खातरजमा करूनच घाला. मी तर म्हणेन, आधी पाड्यावर जाऊन दोन-चार बायांशी बोला, मगच लिहायला बसा. मसुदा त्या माणसाला वाचून दाखवा, तोही त्याच्या बोलीत.

जवळ ठेवायचे कागद: पूर्ण नाव, जन्मतारीख आणि पत्ता दाखवणारा ओळखीचा पुरावा, कामाची कालक्रमाने टिपणं, आधी मिळालेल्या सन्मानांचे तपशील, वर्तमानपत्रातली कात्रणं. कात्रणं नसतील तर ग्रामसभेचे ठराव आणि जुने फोटो शोधा. त्यावरून वर्षं आणि गावं तरी नक्की करता येतात.

पुढे पंतप्रधान दरवर्षी नेमतात ती पद्म पुरस्कार समिती नावं तपासते. कॅबिनेट सचिव तिचे अध्यक्ष असतात. समितीच्या शिफारशी पंतप्रधान आणि राष्ट्रपतींच्या मंजुरीसाठी जातात आणि प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने यादी जाहीर होते. वर्षाला जास्तीत जास्त 120 पुरस्कार (मरणोत्तर, अनिवासी आणि परदेशी धरून नव्हे). मिळते ती राष्ट्रपतींच्या सहीची सनद आणि पदक. रोख रक्कम नाही, आणि 'पद्मश्री' हे नावाच्या आधी किंवा नंतर पदवीसारखं लावताही येत नाही.

एका वर्षी नाव आलं नाही, तर पुढच्या वर्षी पुन्हा सुचवा. तोवर वर्णनात नव्या वर्षाचं काम जोडायला विसरू नका.