चिकलठाणा ते लंडन: अंतर किती, वेळ किती?

मर्केटर पद्धतीच्या, म्हणजे भिंतीवरच्या नेहमीच्या सपाट, जगाच्या नकाशावर छत्रपती संभाजीनगर (इथला विमानतळ चिकलठाण्याला) आणि लंडन पट्टीने जोडा. रेघ इराण, तुर्कस्तानवरून जाते आणि प्रत्यक्षात सुमारे ७,५४० किलोमीटर भरते. आता पृथ्वीगोलावर याच दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरा. तो उत्तरेला सरकतो, कॅस्पियन समुद्र आणि युक्रेनवरून जातो. लांबी ७,३२० किलोमीटर, म्हणजे २२० ने कमी. नकाशा सपाट, पृथ्वी गोल. फरक तिथेच पडतो.

हे अंतर साध्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर निघते. दोन्ही अक्षांशांच्या (१९.८६ आणि ५१.४७) साइनचा गुणाकार ०.२६५८. दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतील अंतराचा कोसाइन यांचा गुणाकार ०.१४३२. बेरीज ०.४०९०, तिचा व्यस्त कोसाइन (cos⁻¹ चे बटण) ६५.८६ अंश. एका अंशाला १११.२ किलोमीटर, की झाले उत्तर. चिकलठाण्याचा रेखांश ७५.४० अंश पूर्व; लंडनचा हीथ्रो विमानतळ ०.४५ अंश पश्चिमेला आहे, म्हणून ७५.४० मध्ये तो आकडा मिळवायचा, वजा करायचा नाही. दुसरी चूक त्याहून जास्त वेळा होते: १९ अंश ५२ मिनिटे म्हणजे १९.५२ नव्हे, १९.८७. तसे लिहिलेत तर चिकलठाण्याचा विमानतळ पैठणजवळ जाऊन बसतो!

विमान मात्र या दोऱ्यावरून जात नाही. युक्रेनचे आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना आपली हद्द बंद केली. शिवाय इथून लंडनला थेट विमान नाही. मुंबईमार्गे कमीत कमी अंतर ७,४९०, दिल्लीमार्गे ७,७१०.

वेळेचा हिशेब वाऱ्यावर ठरतो. सुमारे ३५,००० फुटांवर लांब पल्ल्याचे जेट तासाला ९०० किलोमीटर कापते, पण हा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेत. जेट प्रवाह, म्हणजे उंचावरचा वेगवान वारा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो आणि हिवाळ्यात दक्षिणेला सरकून उत्तर भारतावर येतो. ताशी १०० किलोमीटरचा वारा धरला, तर ७,३२० किलोमीटर जायला ९ तास ९ मिनिटे, यायला ७ तास १९ मिनिटे. वारा नसता तर दोन्ही वेळा ८ तास ८ मिनिटे. म्हणजे जाताना तासभर गेला, येताना ४९ मिनिटेच परत मिळाली, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकते.

जवळच्या प्रवासात वेगाने भागाकार करण्यात अर्थच नाही. मुंबई हवेतून २८० किलोमीटर; भागाकार वीस मिनिटे सांगतो, वेळापत्रक तासाभराच्या आसपास. धावपट्टीकडे सरकणे, चढणे, उतरणे, मुंबईवर घिरट्या हे सगळे त्यात येते; वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा असतो.

तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिक असतात. मुंबईहून दुपारी १:३० ला निघून लंडनला संध्याकाळी ६ ला पोहोचलात, तर हिवाळ्यात प्रवास १० तासांचा, कारण तेव्हा लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. मार्चच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमधली घड्याळे तासभर पुढे जातात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत त्याच वेळांचा अर्थ ९ तास.