पार्श्वभूमी : पाइटर झॅटको यांच्या दोन साक्षी

१३ सप्टेंबर २०२२ रोजी ट्विटरचे माजी सुरक्षाप्रमुख पाइटर झॅटको अमेरिकी सिनेटच्या न्यायविषयक समितीपुढे साक्षीला उभे राहिले, तेव्हा चर्चा प्रामुख्याने इलॉन मस्क यांच्या ट्विटर-खरेदीच्या व्यवहाराची होती. ती साक्ष नीट समजून घ्यायची, तर २४ वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या साक्षीपासून सुरुवात करावी लागते.

बर्कली संगीत महाविद्यालयाचे पदवीधर आणि गिटारवादक असलेले झॅटको १९९० च्या दशकात बॉस्टनमधील ‘लॉफ्ट’ या हॅकरगटात काम करत होते. सॉफ्टवेअरमधील दोष दाखवून दिले, की ते केवळ सैद्धांतिक असल्याचे कंपन्या सांगत. म्हणून सिद्धांत प्रत्यक्षात उतरवून दाखवणे हेच या गटाने आपले ब्रीद केले. त्यांचे ‘लॉफ्टक्रॅक’ हे पासवर्ड फोडणारे साधन त्याचा उत्तम नमुना आहे. विंडोजमधील पासवर्ड साठवण्याची जुनी पद्धत १४ अक्षरांच्या पासवर्डचे सात-सात अक्षरांचे दोन तुकडे करी आणि लहान लिपीतील अक्षरे मोठ्या लिपीत बदलून घेई. त्यामुळे मोठा वाटणारा पासवर्ड प्रत्यक्षात दोन छोटे पासवर्ड ठरत आणि ते वेगवेगळे फोडता येत. हे लेखी सांगून जे पटले नसते, ते चालत्या साधनाने पटवून दिले.

१९ मे १९९८ रोजी गटातील सात जण सिनेटच्या शासकीय कामकाजविषयक समितीपुढे बसले. समोरच्या पाट्यांवर त्यांची टोपणनावे होती. झॅटको यांच्या पाटीवर ‘मज’ असे होते. आमच्यापैकी कोणीही एक जण ३० मिनिटांत इंटरनेट निकामी करू शकतो, हे त्यांचे विधान गाजले. ते बढाईचे मानणे मात्र चूक ठरेल. इंटरनेटवरील मार्ग ठरवणारी व्यवस्था जाळ्यांच्या परस्परविश्वासावर चालते, हा त्यामागचा मुद्दा होता. फेब्रुवारी २००८ मध्ये पाकिस्तानातील एका दूरसंचार कंपनीने देशापुरते यूट्यूब रोखण्यासाठी या मार्गांत केलेला बदल बाहेर पसरला आणि जगाच्या मोठ्या भागात यूट्यूब काही काळ बंद पडले, तेव्हा त्या विश्वासाचा धोका सर्वांनाच दिसला.

२००० मध्ये ‘लॉफ्ट’ एका सल्लागार कंपनीत विलीन झाला. २०१० मध्ये झॅटको संरक्षण खात्याच्या ‘डार्पा’ या संशोधनसंस्थेत गेले आणि तेथे त्यांनी ‘सायबर फास्ट ट्रॅक’ ही योजना राबवली. सरकारी कंत्राटांच्या किचकट प्रक्रियेमुळे स्वतंत्र संशोधक आणि छोटे गट अशा निधीपासून दूरच राहत. या योजनेत मात्र प्रस्तावावर काही दिवसांतच निर्णय होई. मोटारींमधील संगणकांवर ताबा मिळवता येतो, हे दाखवणाऱ्या चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक यांच्या संशोधनाला याच योजनेतून पैसा मिळाला. माझ्या मते झॅटको यांचे हे सर्वांत टिकाऊ काम आहे, कारण बाहेरच्या हॅकरला सरकारी व्यवस्थेत सन्मानाने काम करण्याची वाट त्यातून मिळाली.

त्यानंतर गूगल आणि स्ट्राइप या कंपन्यांत काम करून ते नोव्हेंबर २०२० मध्ये ट्विटरमध्ये आले. त्याच वर्षी जुलैमध्ये काही तरुणांनी कंपनीच्या तांत्रिक मदतकक्षातून बोलत असल्याचे भासवून कर्मचाऱ्यांना फोनवर फसवले होते आणि ओबामा, बायडन, मस्क यांची खाती ताब्यात घेतली होती. जानेवारी २०२२ मध्ये, आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी पराग अग्रवाल मुख्याधिकारी असताना, झॅटको यांना बडतर्फ करण्यात आले. सुमारे निम्म्या कर्मचाऱ्यांना प्रत्यक्ष चालू यंत्रणांत प्रवेश होता आणि भारत सरकारने आपला हस्तक नोकरीवर घ्यायला कंपनीला भाग पाडले, असे आरोप त्यांच्या जुलै २०२२ च्या तक्रारीत होते. कंपनीने त्यांचे कथन दिशाभूल करणारे ठरवले आणि निकृष्ट कामगिरीमुळे त्यांना काढल्याचे सांगितले. तक्रारीतील सगळ्या बाबी सिद्ध झाल्या असे म्हणता येत नाही. पण कोणाला किती प्रवेश द्यायचा हा प्रश्न जुलै २०२० च्या घटनेनेच उभा केला होता, म्हणून मला तो गंभीर वाटतो.

२०२३ मध्ये अमेरिकेच्या ‘सिसा’ या सायबरसुरक्षा संस्थेने त्यांना वरिष्ठ तांत्रिक सल्लागार नेमले. ऑगस्ट २०२४ मध्ये ते पुन्हा ‘डार्पा’त गेले, या वेळी संस्थेचे मुख्य माहिती अधिकारी म्हणून, म्हणजे तिच्या स्वतःच्या संगणकयंत्रणांची जबाबदारी घेऊन.