मुलांचा मधुमेह : बीटा पेशी आणि जनुकांच्या शोधाची पार्श्वभूमी

खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या घरात एखाद्या मुलाला टाइप 1 मधुमेह (ज्यात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट होतात) निघाला की आधी वंशावळ उकरली जाते. ‘आमच्यात कुणालाच शुगर नाही, मग हिला कशी?’ लग्न मामाच्या मुलाशी किंवा थेट मामाशी झालेलं असेल तर बोट आईकडे वळतं. हा तिच्यावर अन्याय आहे. टाइप 1 झालेल्या दहांतल्या जवळपास नऊ मुलांच्या आई-वडील-भावंडांत हा आजार नसतो, आणि त्याचा धोका एका जनुकावर ठरत नाही.

1965 मध्ये बेल्जियमच्या विली गेप्ट्स यांनी, आजार सुरू होताच दगावलेल्या 22 कोवळ्या रुग्णांची स्वादुपिंडं तपासली. 15 जणांत इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींच्या बेटांत रोगप्रतिकार यंत्रणेच्या पांढऱ्या पेशी शिरलेल्या दिसल्या. 1974 मध्ये या बेटांविरुद्धच्या अँटीबॉडी सापडल्या आणि सहाव्या गुणसूत्रावरच्या एचएलए जनुकांशी असलेला संबंधही उघड झाला. एचएलए प्रथिनं इतर प्रथिनांचे तुकडे टी पेशींपुढे, म्हणजे परकं ओळखून हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशींपुढे, धरतात. त्यांतल्या डीक्यू प्रथिनाच्या बीटा साखळीत 57व्या जागी अ‍ॅस्पार्टिक आम्ल नसेल तर धोका वाढतो, हे 1987 चं निरीक्षण. वारशाने येणाऱ्या धोक्यातला साधारण निम्मा वाटा एचएलएचा आहे. भारतीय रुग्णांत डीआर3 हा एचएलएचा प्रकार ठळकपणे आढळतो.

सगळा दोष रोगप्रतिकार यंत्रणेचा, बीटा पेशी बिचारी निव्वळ बळी, असं त्यामुळे बराच काळ मानलं गेलं. 1986 मध्ये संशोधक बोटाझो यांनी मात्र थेट विचारलं: बीटा पेशीचा हा खून की आत्महत्या?

उत्तराचा एक भाग इन्सुलिनच्याच जनुकात होता. अकराव्या गुणसूत्रावर या जनुकाच्या अलीकडे डीएनएच्या 14-15 अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो: कुणात 26 ते 63 वेळा, कुणात 140 हून जास्त वेळा. आखूड प्रकारात धोका जास्त. 1997 मध्ये त्याचं कारण कळलं. छातीतल्या थायमस ग्रंथीत टी पेशींना ‘आपलं काय’ ते शिकवलं जातं आणि त्यासाठी तिथेही थोडं इन्सुलिन बनतं. लांब प्रकारात ते दोन-तीन पट जास्त बनतं, म्हणून इन्सुलिनवर उठणाऱ्या टी पेशी तिथेच बाद होतात. आखूड प्रकारात त्या सुटून रक्तात येतात.

दुसरा भाग विषाणूंशी जोडलेला. आयएफआयएच1 हे जनुक विषाणूचा आरएनए ओळखणारं प्रथिन बनवतं. हे प्रथिन दुबळं करणारे दुर्मीळ बदल मधुमेहापासून वाचवतात, असं 2009 मध्ये दिसलं. प्रथमदर्शनी हे उलटं वाटतं. पण विषाणूची चाहूल लागली की बीटा पेशी इंटरफेरॉन हे धोक्याचा इशारा देणारं प्रथिन सोडते, स्वतःच्या अंगावर एचएलए वाढवते आणि मारेकरी टी पेशींच्या नजरेत भरते. पीटीपीएन2 हे जनुक इंटरफेरॉनच्या या संदेशाला लगाम घालतं. तो सैल पडला तर पेशी लवकर मरते. आज धोक्याशी जोडलेले साठहून अधिक जनुकीय पट्टे माहीत आहेत आणि त्यांतली बरीच जनुकं बीटा पेशीतही चालू असतात.

तरीही जनुकं म्हणजे निकाल नव्हे. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला आजार झाला तर दुसऱ्याला तो होतोच असं नाही; झालाच तर कधी कधी कित्येक वर्षांनी. सख्ख्या भावंडाला धोका साधारण 5-6 टक्के. त्याच्या रक्तात बीटा पेशीतल्या जीएडी, आयए-2, झेडएनटी8 आणि इन्सुलिन या प्रथिनांविरुद्धच्या अँटीबॉडी तपासता येतात. दोन किंवा अधिक सापडल्या तर साखर नॉर्मल असली तरी आजाराची पहिली पायरी सुरू झालेली असते.

नात्यातल्या लग्नाचा प्रश्न खरा ठरतो तो वेगळ्याच जागी. सहा महिन्यांच्या आत मधुमेह झालेल्या बाळात बहुधा टाइप 1 नसतो, एकाच जनुकाचा दोष असतो. ईआयएफ2एके3 जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या की बीटा पेशी प्रथिनांच्या भाराखाली मरतात. आई-वडील जवळच्या नात्यातले असतील तर ही शक्यता वाढते. केसीएनजे11 चा दोष मात्र बहुतेकदा बाळात नव्यानेच उद्भवतो. त्यात पेशी जिवंत असते, फक्त तिची पोटॅशियमची वाट बंद होत नाही, म्हणून इन्सुलिन बाहेर पडत नाही. 2006 च्या अभ्यासात अशा 49 पैकी 44 रुग्णांचं इन्सुलिन, ही वाट बंद करणाऱ्या सल्फोनिलयुरियाच्या गोळीवर सुटलं. म्हणून अशा बाळाची जनुक तपासणी लगेच करून घ्यावी, आणि अहवाल हाती येऊन डॉक्टर गोळीवर नेईपर्यंत इन्सुलिनचा एकही डोस चुकवू नये.