दादाचे पंधरा टक्के

इंदूरच्या राजेंद्र नगरात आमच्या दादाकडे दिवाळीनंतर नवा वजनकाटा आला. काचेचा, वर धातूच्या पट्ट्या असलेला, मोबाइलला जोडलेला. वय 52, उंची 168 सेंटीमीटर, वजन 82 किलो, आणि खाली लाल अक्षरांत: चरबी 31 टक्के. पुतण्या चोवीस वर्षांचा, रोज जिमला जाणारा. त्याने निकाल देऊन टाकला, "बाबा, फिट माणसाची पंधरा असते." झालं. दादाने कॅलेंडरवर पंधरा लिहून त्याभोवती गोल काढला आणि दुसऱ्या दिवसापासून पोहे-जलेबी बंद. मी कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवते, त्यामुळे घरातली असली प्रकरणं शेवटी माझ्याकडेच येतात.

आधी त्या काट्याबद्दल. सकाळी 31 दाखवणारा काटा संध्याकाळी 29.2 दाखवू लागला, तेव्हा दादा खूश. मी म्हटलं, दिवसभर खुर्चीत बसून दीड किलो चरबी गेली कुठे? खरं तर काटा चरबी मोजतच नाही. तो एका पायातून अगदी सौम्य वीज सोडतो आणि दुसऱ्या पायाशी पकडतो. पाणी आणि क्षार भरलेल्या स्नायूंतून वीज सहज जाते, चरबीतून अडखळते. ती किती अडखळली त्यावरून अंगात पाणी किती याचा अंदाज, त्यावरून स्नायू, हाडं वगैरेंचा अंदाज, आणि वजनातून ते वजा करून उरली ती चरबी. संध्याकाळपर्यंत पायांत पाणी उतरतं, वीज झटकन जाते, आणि चरबी 'कमी' होते. शिवाय वीज पाय आणि ओटीपोट एवढ्यातूनच फिरते. पोट केवढं सुटलंय, याचा तिला फारसा पत्ता नसतो.

वहिनीने तर कमालच केली. ॲपमध्ये दादाचं वय 52 चं 35 केलं आणि त्याला परत काट्यावर उभं केलं. तोच माणूस, तीच पाच मिनिटं, चरबी जवळपास दोन टक्के कमी! कारण वय, उंची, वजन आणि लिंग हे सगळं त्या सूत्रात आधीच बसवलेलं असतं. दोन वेगवेगळ्या ऊर्जांचे क्ष-किरण वापरणारी डेक्सा तपासणी याहून पुष्कळ भरवशाची, पण तीही एखाद-दोन टक्के इकडेतिकडे होते. म्हणून एकट्या आकड्यावर रडू नये, नाचूही नये. तोच काटा, सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, आणि महिन्याभराचा कल. इतकंच त्याच्याकडून घ्यावं.

आता पंधराचं. काट्यांसोबतच्या पुस्तिकांत जो तक्ता बहुधा असतो त्यात 40 ते 59 वयाच्या पुरुषांसाठी साधारण 11 ते 21 टक्के आणि बायकांसाठी 23 ते 33 टक्के हा 'निरोगी' पट्टा असतो. त्याचं मूळ 2000 साली डिंपना गॅलघर आणि सहकाऱ्यांनी केलेल्या कामात आहे. त्यांनी बीएमआयच्या, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणाऱ्या आकड्याच्या, ठरलेल्या सीमांना चरबीचे किती टक्के जुळतात, ते काढलं. म्हणजे इतक्या टक्क्यांवर माणूस आजारी पडतो आणि इतक्यांवर पडत नाही, असं पाहून हा तक्ता बनलेला नाही. बायकांचे आकडे वरचे का, तर त्यांच्या शरीराला नुसतं चालायलाच 10 ते 13 टक्के चरबी लागते; पुरुषांचं 3 ते 5 टक्क्यांत भागतं.

आणि आपल्या लोकांचा एक वेगळाच घोळ आहे. 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन संशोधकांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय 22.3, अगदी सारखा. चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2! दिसायला बारीक, आतून मेदाचा, हा भारतीय बांधा. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय 23 च्या पुढे जादा वजन आणि 25 च्या पुढे लठ्ठपणा धरतात, आणि कमरेची सीमा पुरुषांना 90 आणि बायकांना 80 सेंटीमीटर. परदेशी जिमवाल्याचा पंधराचा आकडा आपल्या मध्यमवयीन माणसाला किती लांबचा आहे, हे यावरून कळतं. पण म्हणून 31 वर स्वस्थ बसावं, असंही नाही.

मग दादासमोर कागद घेतला. 82 किलोत 31 टक्के म्हणजे 25.4 किलो चरबी. बाकीचं, स्नायू-हाडं-पाणी धरून, 56.6 किलो. हे 56.6 जसंच्या तसं राखलं तर 25 टक्क्यांवर यायला वजन हवं 75.4. म्हणजे साडेसहा किलो कमी. पंधरावर यायचं तर साडेपंधरा किलो. पहिला आकडा ऐकून दादा सावरून बसला, दुसरा ऐकून गप्प झाला.

पण खरी मेख पुढे आहे. नुसतं कमी खाऊन वजन उतरवलं तर गेलेल्या प्रत्येक चार किलोंत साधारण एक किलो चरबीचा नसतो, त्यात स्नायूही जातात. मग त्याच 25 टक्क्यांसाठी साडेसहा नाही, जवळजवळ दहा किलो घटवावे लागतात, आणि त्यातले अडीच किलो आपण जपून ठेवायला हवे होते तेच असतात. टक्केवारी शेवटी अपूर्णांक आहे. अंश कमी करताना छेदातून चांगला मालही गळाला की उतारा दामदुप्पट नाही, तरी दीडपट महाग पडतो.

चाळिशीनंतर स्नायूंची चिंता करायची ती यासाठी. तिशीपासून दर दशकात ते 3 ते 8 टक्के घटत जातात. "चाळिशीनंतर चयापचय मंदावतो" हे सगळे म्हणतात, पण 2021 साली 'सायन्स'मध्ये हर्मन पॉन्टझर आणि सहकाऱ्यांनी सहा हजारांवर माणसांची मोजणी छापली. शरीराच्या आकारमानाचा हिशेब लावल्यावर ऊर्जेचा खर्च विशीपासून साठीपर्यंत जवळपास सपाट निघाला. मंदावतो तो आपला जिना, आपली सायकल. बायकांचं थोडं निराळं: पाळी जाताना इस्ट्रोजेन उतरतं आणि मांड्यांवर बसणारी चरबी पोटाकडे मुक्काम हलवते. वजन तेवढंच आणि जुने ब्लाउज मात्र घट्ट, हा माझा स्वतःचा अनुभव. पोटातली, यकृताभोवतीची चरबी साखर आणि कोलेस्टेरॉल बिघडवते, मांडीवरची तितकी नाही.

तर दादाचं ठरलं ते असं. वर्षभरात 25 च्या आसपास, एकाच आकड्याचा हट्ट नाही. आठवड्यातून तीनदा वजन उचलणं: पुतण्याचे डंबेल्स आणि खुर्चीवरून उठाबशा. बाकी दिवशी रिजनल पार्कला चालणं. पोहे बंद नाहीत. शेवेची मूठ कमी आणि पोह्यांवर मोडाच्या मटकीची उसळ. इंदूरच्या ठेल्यावर उसळ-पोहे मिळतातच, प्रथिनांचा सल्ला तिथे आयता आहे. शरीराच्या किलोमागे रोज एक ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळावीत; मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारावं. जलेबी रविवारी. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत अकराला जाण्यावर मी काही बोलले नाही, कारण बरोबर मीही असते.

आणि काट्याच्या जोडीला शिंप्याची टेप. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता. पहिल्या दिवशी 101 सेंटीमीटर. साधारण किलोमागे एक सेंटीमीटर उतरतो, म्हणजे साडेसहा किलोंनी 94-95 पर्यंत यायचं. 90 त्यानंतरचं पाहू. चार महिन्यांनी टेप 97 वर आली. काटा त्या सकाळी 29.6 म्हणाला, दुसऱ्या सकाळी 28.3. कॅलेंडर मार्चलाच पालटलं, पंधराचा गोल मागच्या पानावर राहिला. ॲपमध्ये दादाचं वय अजून 35 च आहे. परत बदलायचं म्हटलं की वहिनी म्हणते, राहू द्या की, आता मध्येच बदललं तर तुलना कशी करणार?