प्रेमसंबंधांतील हिंसा, स्त्रीविषयक धारणा आणि धर्म: एका अभ्यासविषयाची पार्श्वभूमी

विद्यापीठात शिकणाऱ्या तरुण-तरुणींच्या प्रेमसंबंधांतही मारहाण होते, ही बाब अमेरिकेतील समाजशास्त्राच्या नजरेत ठळकपणे आली ती १९८१ मध्ये. त्या वर्षी जेम्स मेकपीस यांनी मिनेसोटातील सुमारे २०० महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत साधारण दर पाचातल्या एकाला अशा हिंसेचा प्रत्यक्ष अनुभव आलेला होता. कर्कपॅट्रिक आणि कॅनिन यांनी विद्यापीठातील पुरुषांच्या लैंगिक आक्रमकतेवर १९५७ मध्येच लिहिले होते, पण सत्तरच्या दशकात अभ्यासकांचे लक्ष मुख्यतः विवाहितांच्या घरांकडे होते. मरे स्ट्रॉस यांची १९७९ ची मापनश्रेणी त्यातूनच आली आणि पुढे विद्यार्थ्यांनाही लावली गेली. गेल्या वर्षभरात जोडीदारावर वस्तू फेकली का, त्याला ढकलले का, थप्पड मारली का, हे ती मोजते. मात्र कोण कुणाच्या धाकात वावरत होते आणि कुणी केवळ स्वतःच्या बचावासाठी हात उचलला, हे त्या आकड्यांतून कळत नाही, हा स्त्रीवादी अभ्यासकांचा आक्षेप रास्तच आहे.

स्त्रीविषयक धारणांचे मोजमाप वेगळ्याच वाटेने चालले होते. स्पेन्स आणि हेल्मरिच यांच्या १९७२ च्या प्रश्नावलीत, शिव्या पुरुषापेक्षा स्त्रीच्या तोंडी अधिक किळसवाण्या वाटतात, किंवा स्त्रीने रेल्वेचे इंजिन चालवणे आणि पुरुषाने मोजे रफू करणे हास्यास्पद आहे, अशा विधानांवर मत नोंदवायचे असे. त्यातून जुन्या वळणाचा माणूस ओळखू येई. पण त्याच्या मनात स्त्रीविषयी चीड आहे की तिला सांभाळण्याची हौस, हे उमगत नसे. ग्लिक आणि फिस्क यांनी १९९६ मध्ये नेमका हाच भेद केला: एक स्त्रीविषयी चीड बाळगणारा, वैरभावी लिंगभेद; दुसरा तिला देव्हाऱ्यात बसवून सांभाळू पाहणारा.

धर्माचा धागा जुळला तो इथे. चर्चला किती वेळा जाता, एवढ्यावरच धार्मिकता जोखण्याची सोपी रीत रूढ होती. वास्तविक श्रद्धेखातर धर्म पाळणारा आणि सोयीखातर पाळणारा यांतला फरक ऑलपोर्ट आणि रॉस यांनी १९६७ मध्येच दाखवला होता. स्पेनच्या गॅलिसिया प्रांतातील २००२ च्या पाहणीत (ती विद्यार्थ्यांपुरती नव्हती) कॅथलिक धार्मिकतेचे नाते या दुसऱ्या, वरकरणी प्रेमळ लिंगभेदाशी आढळले, वैरभावाशी नव्हे. साहजिकच, धार्मिक तरुण अधिक हिंसक असतो की कमी, हा प्रश्न फार ढोबळ ठरतो. ब्रिटनमधील २००३ च्या एका अभ्यासानुसार, ओळखीच्या स्त्रीवर बलात्कार करण्याकडे पुरुषाचा कल असण्याचा संबंध वैरभावाशी होता. पीडितेलाच दोष देण्याचा संबंध मात्र स्त्रीला देव्हाऱ्यात बसवणाऱ्या लिंगभेदाशी होता.