तुटकी लिंक हा निसर्गनियम नव्हे

"एकदा इंटरनेटवर गेलं की ते कायमचं तिथंच राहतं." सायबर सुरक्षेच्या तासाला मुलांना हे वाक्य हमखास ऐकवतात. नको तो फोटो टाकण्याआधी पोरांनी दोनदा विचार करावा म्हणून ते ठीकच आहे. पण मोठी माणसं त्यातून आणखी एक समजूत करून घेतात, की मग हवी असलेली माहितीही तिथं आपोआप टिकून राहील. तशी ती राहत नाही. बारा वर्षांपूर्वी मी पाणलोट विकासावर एक लेख लिहिला होता आणि त्यात एकोणीस लिंका दिल्या होत्या. गेल्या महिन्यात त्या एकेक करून उघडल्या. सात ठिकाणी हवा तो मजकूर मिळाला. नऊ ठिकाणी '४०४, पान सापडलं नाही' अशी पाटी आली. दोन ठिकाणी नुसतंच संस्थेचं मुखपृष्ठ उघडलं, आणि उरलेल्या एका पत्त्यावर आता बूट विकतात.

हे काही माझ्याच वाट्याला आलेलं नाही. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरनं २०२४ मध्ये अशी मोजणी प्रसिद्ध केली. २०१३ साली वेबवर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. इंग्रजी विकिपीडियाचे जे लेख त्यांनी तपासले, त्यातल्या ५४ टक्के लेखांच्या संदर्भयादीत निदान एक तरी लिंक मेलेली होती.

हे सांगितलं की बहुतेक जण म्हणतात, "चालायचंच." जणू लोखंड गंजतं तशा लिंका तुटतात! माझा आक्षेप नेमका इथं आहे. गंज चढणं हा लोखंडाचा गुणधर्म आहे. लिंक तुटणं मात्र कुणीतरी, एका विशिष्ट वेळी, विचारपूर्वक पत्करलेलं आहे. न तुटणारी लिंक कशी बांधायची याचा आराखडा त्याच्या कितीतरी आधी तयार होता. तो इतका सुंदर आहे की तो समजावून सांगायला मला या लेखातली निम्मी जागा लागणार आहे.

आधी लिंक म्हणजे काय ते पाहू. वेबवरची लिंक सांगते की अमुक सर्व्हरवर, अमुक फोल्डरात, अमुक नावाची फाईल आहे. म्हणजे ती जागेचा पत्ता सांगते, तिथं काय लिहिलं आहे याबद्दल अवाक्षर काढत नाही. भाडेकरू बदलला तरी पत्ता तोच राहतो, आणि भाडेकरू दुसरीकडे गेला तर पत्त्याला ते कळत नाही. याउलट 'गीता २.४७' असं म्हटलं, तर गोरखपूरची प्रत असो की लंडनची, खिशातली असो की सटीप, पान कुठलंही असो, आपण 'कर्मण्येवाधिकारस्ते'पाशीच पोचतो. हा पत्ता कागदाला नाही, मजकुराला चिकटलेला आहे.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. श्लोकांना क्रमांक होते, मुळावर भाष्य आणि भाष्यावर टीका होती, म्हणून आपल्या पूर्वजांकडे हायपरटेक्स्ट, म्हणजे लिंकांनी एकमेकांशी जोडलेला मजकूर, होतं, असे संदेश अधूनमधून फिरतात. मजकुराचा पत्ता देण्याची गरज त्यांनी ओळखली होती आणि ती उत्तम रीतीनं भागवली होती, एवढंच त्यातून सिद्ध होतं. जो मजकूर शेकडो वर्षं बदलत नाही, त्याला क्रमांक देणं सोपं असतं. खरा प्रश्न आहे तो रोज बदलणाऱ्या मजकुराचा. मध्ये एक ओळ घातली की पुढचे सगळे क्रमांक सरकतात. तो प्रश्न विसाव्या शतकात सुटला, आणि ज्यांनी तो सोडवला त्यांना त्याचं श्रेय द्यायला हवं.

टेड नेल्सन हा अमेरिकी तरुण १९६०च्या सुमाराला हार्वर्डमध्ये शिकत असताना या विचारात पडला. आपल्या टिपणांचे कागद एकाच वेळी अनेक ठिकाणी लावता आले पाहिजेत, ही त्याची साधी गरज होती. १९६५ मध्ये एका संगणक परिषदेतल्या निबंधात त्यानं 'हायपरटेक्स्ट' हा शब्द पहिल्यांदा छापला. पुढं त्याच्या प्रकल्पाचं नाव पडलं झॅनडू. नेल्सन मुळात प्रोग्रॅमर नव्हता. रॉजर ग्रेगरी, मार्क मिलर अशा साथीदारांनी कल्पनेला यंत्राचा आकार दिला.

आता तो आराखडा. आपण टाइप केलेला मजकूर फाईलमध्ये साठवायचाच नाही. एक मोठं भांडार ठेवायचं. त्यात टाइप झालेली प्रत्येक गोष्ट आली त्या क्रमानं, शेवटाला जोडत जायची आणि तिला कायमचा क्रमांक द्यायचा. भांडारातून काहीही पुसायचं नाही, काहीही हलवायचं नाही. मग दस्तऐवज म्हणजे काय? तर भांडारातल्या कुठल्या क्रमांकापासून कुठल्या क्रमांकापर्यंतचे तुकडे, कुठल्या क्रमानं वाचायचे, याची यादी. बस, एवढंच.

सोपं जावं म्हणून शब्दांना क्रमांक देऊ. मी लिहिलं: 'विदर्भात उन्हाळा फार कडक असतो'. हे झाले भांडारातले शब्द १ ते ५. माझा दस्तऐवज म्हणजे यादी: १–५. 'फार कडक' या शब्दांना कुणीतरी तापमानाच्या तक्त्याची लिंक जोडली. ती लिंक जोडली गेली भांडारातल्या ३–४ या शब्दांना.

मग मला आठवलं की मराठवाडा राहिला. मी 'आणि मराठवाड्यात' हे शब्द मध्ये घातले. भांडारात ते शेवटाला जातात, म्हणजे त्यांचे क्रमांक ६ आणि ७. दस्तऐवजाची यादी आता अशी होते: १, मग ६–७, मग २–५. वाचून पाहा: 'विदर्भात आणि मराठवाड्यात उन्हाळा फार कडक असतो'. वाचकाच्या दृष्टीनं 'फार' हा तिसरा शब्द होता, तो आता पाचवा झाला. पण भांडारात तो तीनच आहे, म्हणून लिंक जिथल्या तिथं आहे. उद्या मी 'फार' काढून टाकला तर यादी होईल १, ६–७, २, ४–५. लिंक 'कडक'ला धरून उभी राहील. आणि जुन्या दोन्ही याद्या जपून ठेवल्या असतील, तर मजकुराची प्रत्येक आवृत्ती जशीच्या तशी परत उभी करता येईल, तीही मजकूर पुन्हा न साठवता.

आता यातली सगळ्यात मोहक गोष्ट. दुसऱ्या कुणाला माझं वाक्य आपल्या लेखात उद्धृत करायचं असेल, तर त्यानं नक्कल करायची नाही. आपल्या यादीत फक्त २–५ असं लिहायचं. याला नेल्सननं नाव दिलं ट्रान्सक्लूजन. एकच तुकडा दोन लेखांत खराखुरा हजर असतो. शब्द क्रमांक ३ कुठकुठल्या याद्यांमध्ये आहे हे शोधलं, की ते वाक्य कुणी कुणी वापरलं हे कळतं. उद्धरणावरून मूळ संदर्भापाशी जाता येतं आणि मुळावरून प्रत्येक उद्धरणापाशी. अर्धंमुर्धं वाक्य उचलून फिरवणाऱ्याला मागचंपुढचं लपवता येत नाही.

प्रत्यक्षात क्रमांक शब्दांना नसतात, त्याहून बारीक घटकांना असतात, आणि तिथं देवनागरीची एक खास अडचण उभी राहते. 'क्षि' हे आपल्या लेखी एक अक्षर आहे. युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या चिन्हांना संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या मानकाच्या लेखी ते चार घटक आहेत: क, हलन्त चिन्ह, ष आणि ऱ्हस्व इकार. यूटीएफ-८ पद्धतीनं साठवलं तर बारा बाइट. तुकडा पाडताना सुरी मध्येच कुठं लागली, तर एका यादीत 'क्' जाईल आणि दुसरीत 'षि'. म्हणून मराठीसाठी असं भांडार बांधणाऱ्यानं तुकडे कुठं पाडता येतात हे आधी ठरवून घेतलंच पाहिजे.

चाणाक्ष वाचक विचारेल, लेख मोठा झाला, दहा लाख तुकडे झाले, तर मध्ये एक तुकडा घातल्यावर पुढच्या सगळ्यांची जागा बदलून लिहावी लागणार नाही का? यासाठी झॅनडूवाल्यांनी 'एन्फिलेड' नावाची रचना केली. तिचा गाभा आगगाडीच्या उदाहरणानं कळेल. तुमचं आसन 'बी-३ डब्यात २४ नंबर' असं सांगतात, 'इंजिनापासून २३८वं' असं सांगत नाहीत. मध्ये एक जादा डबा जोडला तरी डब्यातल्या कुठल्याही आसनाचा नंबर बदलत नाही. तसंच इथं तुकड्यांचे गट, गटांचे गट असा वृक्ष करतात. प्रत्येक फांदीवर फक्त दोन गोष्टी नोंदवायच्या: आपल्या पालक-फांदीपासून आपण किती अंतरावर सुरू होतो, आणि आपल्या पोटात एकूण किती मजकूर आहे. मूळ टोकापासूनचं अंतर कुणीच लिहून ठेवत नाही. ते वरून खाली येताना बेरीज करून मिळतं. प्रत्येक गटात दहा घटक असतील तर दहा लाख तुकड्यांना सहा पातळ्या पुरतात. बदल करायचा झाला तर या सहा पातळ्यांवर, दर पातळीला एका गटापुरती डागडुजी करावी लागते. बाकीच्या लाखोंना पत्ताही लागत नाही.

ही नुसती कागदावरची करामत नाही. मजकूर तुकड्यांच्या यादीत ठेवण्याची ही युक्ती मजकूर लिहिण्या-सुधारण्याच्या अनेक प्रोग्रॅमांच्या पोटात आहे. प्रोग्रॅमर मंडळी रोज वापरतात तो व्हिज्युअल स्टुडिओ कोड २०१८ पासून तुकड्यांच्या अशाच वृक्षावर चालतो. फक्त फाईल जतन केली की ते सगळे क्रमांक फेकून दिले जातात.

मग झॅनडू सगळीकडे का नाही? १९८८ मध्ये ऑटोडेस्क या सॉफ्टवेअर कंपनीनं त्यात पैसा घातला आणि १९९२ मध्ये काढून घेतला. तोवर माल बाजारात आलेला नव्हता. त्याच सुमाराला सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या संशोधनकेंद्रात टिम बर्नर्स-ली यांची वेब उभी राहिली होती. मार्च १९८९ मध्ये त्यांनी प्रस्ताव मांडला तो सर्नमधली माहिती हरवते म्हणून. माणसं दोन वर्षांनी निघून जातात आणि कशाचा कशाशी संबंध होता ते त्यांच्याबरोबर जातं, ही त्यांची तक्रार होती. १९८० मध्ये त्यांनीच लिहिलेल्या एन्क्वायर या प्रोग्रॅममध्ये दुतर्फा लिंका होत्या. वेबमध्ये त्यांनी त्या सोडून दिल्या. लिंक एकतर्फी केली, मजकुरातच लिहून टाकली, आणि पलीकडच्या सर्व्हरला विचारण्याची गरज ठेवली नाही. १९९१ मध्ये हायपरटेक्स्टच्या परिषदेनं त्यांचा निबंध स्वीकारला नाही, फक्त प्रात्यक्षिकाला जागा दिली. जाणकारांना ती रचना मागासलेली वाटली. पण कुणाचीही परवानगी न घेता कुणालाही जोडता येणं, हेच वेब पसरण्याचं कारण ठरलं. लिंक तुटू दिली म्हणून वेब जगभर जाऊ शकली. जगाच्या पातळीवर ती निवड बरोबर होती असं मला वाटतं. झॅनडूचं भांडार कुणाच्या ताब्यात असावं, आणि एखाद्याला स्वतःचा मजकूर खरोखरच नष्ट करायचा असेल तर काय, याची समाधानकारक उत्तरं त्या आराखड्यात नव्हती.

पण एखादं अभिलेखागार, विश्वकोश, ग्रंथालय अशा आटोपशीर जगात लिंका का तुटू द्यायच्या? तिथं तर सगळं एका छताखाली असतं. मराठी विकिपीडियावर प्रत्येक लेखाच्या बाजूला 'येथे काय जोडले आहे' असा पर्याय दिसतो, तो याचमुळे. सगळे लेख एकाच भांडारात असल्यानं उलट दिशेच्या लिंका शोधता येतात.

अशा आटोपशीर जगासाठी मला सर्वांत पटलेली रचना इंग्लंडमधली आहे, आणि तिचा आपल्याशी थेट संबंध आहे. १९८७ मध्ये लॉर्ड माउंटबॅटन यांची कागदपत्रं साउदॅम्प्टन विद्यापीठात आली. पत्रं, भाषणं, छायाचित्रं, चित्रफिती. त्यात भारताच्या फाळणीच्या काळातली कागदपत्रंही होती. तिथल्या संगणकशास्त्रज्ञ वेंडी हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या ढिगाकडे बघत मायक्रोकॉझम नावाची प्रणाली बांधली. १९८९ मध्ये ती चालू स्थितीत होती. तिचा नियम असा, की मूळ कागदाला हात लावायचा नाही. सगळ्या लिंका वेगळ्या नोंदवहीत, म्हणजे लिंकबेसमध्ये ठेवायच्या. विद्यार्थ्यासाठी एक नोंदवही, इतिहासकारासाठी दुसरी; कागद तेच. आणि 'सर्वसाधारण लिंक' नावाची एक सोय होती. 'गांधी' या शब्दाला एकदा लिंक जोडली, की तो शब्द कुठल्याही कागदात येवो, उद्या नव्यानं आलेल्या कागदातही, लिंक तिथं आपोआप तयार. लिंक जागेला बांधलेलीच नसल्यानं तुटण्याचं एक मोठं कारणच नाहीसं होतं.

ही सोय मराठीत आणायचा मी काही दिवस प्रयत्न करतो आहे, माझ्याच टिपणांपुरता. इंग्रजीत शब्द जुळवणं बरंच सोपं. आपल्याकडे 'गांधी'चं 'गांधींनी', 'गांधींच्या' होतं इथपर्यंत ठीक, सुरुवात तरी तीच राहते. पण 'पाणी'चं 'पाण्यात' होतं आणि 'घोडा'चं 'घोड्याला'. सामान्यरूपाचे नियम शिकवल्याशिवाय प्रोग्रॅमला काही सापडत नाही. नियम शिकवले, आणि 'पुणे'साठी 'पुण्या-' हे रूप घातलं. मग 'पुण्याहून', 'पुण्याचा', 'पुण्यातला' सगळे बरोबर शहराकडे जायला लागले. त्याच दिवशी तहानलेल्याला पाणी देण्याबद्दलचं एक टिपण उघडलं, तर त्यातलं 'पुण्याचं काम'सुद्धा शहराला जोडलेलं. पुण्य आणि पुणे यांचं सामान्यरूप एकच आहे, हे मराठी बोलताना माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

वेबवरच्या साध्या लिंकेला एकच पत्ता असतो, त्यामुळे तिथं मला आधीच एक अर्थ निवडून टाकावा लागला असता. नोंदवही वेगळी असल्यानं तशी सक्ती नाही. आता 'पुण्याचं' या शब्दावर टिचकी मारली की दोन नोंदी समोर येतात, एक शहराची आणि एक पुण्याईची, आणि कुठल्या वाटेनं जायचं ते वाचणारा ठरवतो.