बेणं आधी काढून ठेवायचं

आबांच्या मानेतली गाठ दोन वर्षांनी पुन्हा वर आली. लिम्फोमा, म्हणजे लसीका ग्रंथींचा कर्करोग. मुंबईच्या डॉक्टरांनी ट्रान्सप्लांट सुचवलं आणि आबा महालक्ष्मी एक्सप्रेसनं कोल्हापूरला परतले ते एक कोडं घेऊनच. "माझ्याच पेशी काढणार, गोठवणार, मलाच परत देणार. मग उपयोग काय रे?"

आबांचा ऊस आहे, म्हणून उत्तर सोपं गेलं. रानात लव्हाळा इतका माजलाय, की ऊसही शिल्लक राहणार नाही असं जालीम तणनाशक मारावं लागणार. मग तुम्ही आधी काय कराल? पुढच्या लावणीचं बेणं काढून ठेवाल. रुग्णाच्या स्वतःच्या, रक्त घडवणाऱ्या मूळपेशी म्हणजे ते बेणं. त्या कर्करोगाला मारत नाहीत. मारते ती किमो. पण एवढ्या मोठ्या डोसात हाडांतला मगजही, म्हणजे रक्त तयार करणारा कारखानाच, बंद पडतो. राखून ठेवलेल्या पेशी शिरेतून परत सोडल्या की त्या आपापली जागा शोधत मगजात पोचतात आणि साधारण १०-१४ दिवसांत पांढऱ्या पेशी वर यायला लागतात.

याच उपचाराला पुढे प्रतिपिंडाची, म्हणजे एखादं ठरावीक लक्ष्य शोधून त्यालाच चिकटणाऱ्या प्रथिनाची, जोड देऊन पाहिली गेली. बहुतेक लिम्फोमा बी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींचे असतात आणि त्या पेशींच्या अंगावर सीडी-२० नावाचं प्रथिन असतं. त्याला नेमकं चिकटणारं रितुक्सिमॅब हे प्रतिपिंड १९९७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. २००७ मध्ये त्याची भारतीय आवृत्तीही आली. अशाच प्रतिपिंडाच्या पाठीवर किरणोत्सारी अणू बांधला तर? आपल्याकडे ज्याला 'शेक देणं' म्हणतात, तो शेक मग बाहेरच्या यंत्रातून न देता रक्तातून थेट गाठीपाशी पोचतो. यिट्रियम-९० चे किरण ऊतीत जास्तीत जास्त ११ मिलिमीटरपर्यंत जातात, आयोडीन-१३१ चे बीटा किरण जेमतेम दोन. त्यामुळे ज्या पेशीला प्रतिपिंड चिकटलंच नाही, तीही शेजारणीच्या किरणांनी मरते. मला यातली ही सगळ्यात देखणी गोष्ट वाटते.

अडचण पुन्हा मगजाचीच. त्याला जपायचं तर डोस हात राखूनच द्यावा लागतो. अमेरिकेत सिएटलचे कर्करोगतज्ज्ञ ऑलिव्हर प्रेस यांनी बेण्याचा हिशेब इथे लावला: पेशी आधी काढून ठेवा, मग डोस फुप्फुसांसारखे अवयव सोसतील तिथवर चढवा. २००० साली त्यांच्या गटानं आयोडीन-१३१ लावलेलं प्रतिपिंड, वर दोन किमो औषधं आणि शेवटी मूळपेशी, असं ५२ रुग्णांना दिल्याचं प्रसिद्ध केलं. दोन वर्षांनंतर रोग न वाढता जगणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ६८ टक्के होतं. क्रमही महत्त्वाचा. आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मं होतं. अंगातला किरणोत्सार पुरेसा उतरेपर्यंत रुग्ण वेगळ्या खोलीत राहतो आणि पेशी त्यानंतरच देतात. तणनाशकाचा अंश असताना लावण कोण करतो?

मग मोठी चाचणी झाली. २२४ रुग्ण, सगळ्यांना ट्रान्सप्लांट आणि तीच किमो; निम्म्यांना सोबत साधं रितुक्सिमॅब, निम्म्यांना किरणोत्सारी प्रतिपिंड. २०१३ चा निकाल: दोन वर्षं रोग न वाढलेले ४८.६ आणि ४७.९ टक्के. फरक शून्य, उलट किरणोत्सारी गटात तोंड जास्त आलं. प्रेस यांच्या मानानं इथला डोस फारच कमी होता, त्यामुळे मूळ कल्पनेची ही खरी कसोटी म्हणता येत नाही, असं माझं मत. पण बाजारानं तेवढं थांबून पाहिलं नाही. ते किरणोत्सारी औषध २०१४ मध्ये बंद झालं.

आबांना टक्केवारीत रस नव्हता. ते बेण्यातच अडकले होते. "आणि बेण्यातच रोग असला तर रे?"

नेमका प्रश्न. काढलेल्या पेशींत चार-दोन कर्करोगाच्या असू शकतात आणि त्याही गोठून, वितळून परत अंगात जातात. म्हणून पेशी काढण्याआधीच्या किमोसोबत रितुक्सिमॅब दिलं की रक्तातल्या रोगट बी-पेशी बऱ्याच कमी होतात. मूळपेशींवर सीडी-२० नसतं, त्यामुळे त्यांना धक्का लागत नाही.

"म्हणजे बेणेप्रक्रिया," आबा म्हणाले.